दिवस मावळल्यावरचा वास

हातात पेटलेली उदबत्ती घेऊन अख्खी इमारत हिंडायची आणि एकाही देवाच्या तसबिरीपुढं थांबायचं नाही, ही कुठली रीत? नाझनीन मुजावरबद्दल सोनाक्का मगदूम यांची ही पहिली तक्रार. दुसरी अशी, की ही पोरगी कँटीनमध्ये आली की माणसांच्या आधी भिंतीकडं बघायची. 'बस' म्हटलं तर बसायची नाही. चहा पुढं केला तर कप नाकाशी न्यायची, हुंगायची, हातातल्या काचेच्या पाटीवर बोटानं काहीतरी टिपायची आणि मग निवलेला चहा एका घोटात संपवून 'थँक्यू आक्का' म्हणत चालू पडायची. निवलेला चहा पिणाऱ्या माणसाला ना चहाची किंमत ना चहा करणाऱ्याची, असं सोनाक्कांचं मत. आणि सोनाक्कांची मतं इचलकरंजीच्या त्या पट्ट्यात गेली चौतीस वर्षं कुणी खोडलेली नव्हती.

"आक्का, ती मुजावर आहे. मिरजेच्या दर्ग्याजवळची," इमारतीचा व्यवस्थापक भूपाल चौगुले एकदा हळूच म्हणाला होता.

"मग? दर्ग्यात उदबत्त्या लावत न्हाईत व्हय? तिथं तरी थांबत असंल का, का तिथंबी धूर कुठं जातोय तेवढंच बघती?"

धूर कुठं जातो, तेवढंच नाझनीनला बघायचं होतं. रत्नाकर सूतगिरणी बंद पडून अकरा वर्षं झाली होती. तिच्या तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि लोखंडी खांब तसेच ठेवून आत चार मजल्यांची कचेरी उभी राहत होती. दसऱ्यापासून तिथं सहाशे माणसं बसणार होती. नव्या इमारतीत हवा कशी फिरते ते नकाशावरून कळतं. जुन्या गिरणीत हवेच्या स्वतःच्या वाटा असतात, त्या कुठल्याही नकाशावर नसतात. म्हणून ती उदबत्ती घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात उभी राहायची. धुराची रेघ जिकडं वळेल तिकडं भिंतीवर खडूनं फुली मारायची. प्रत्येक फुलीवर मग सुपारीएवढं एक यंत्र बसायचं. त्याचं कागदोपत्री नाव घ्राणिका. कामगार त्याला नाक म्हणायचे. अशी चारशे बारा नाकं त्या इमारतीत बसली.

पूर्वीची आगीची घंटा धूर दिसल्यावर ओरडायची. भज्यांचा धूर काय आणि आगीचा काय, तिला दोन्ही सारखेच. मग लोक वैतागून तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायचे आणि खरी आग लागली की ती पिशवीतच मुकी राहायची. घ्राणिका धुराची वाट बघत नाही. वायरीचं आवरण तापायला लागलं, लाकूड आतून करपायला लागलं, की धूर निघायच्या कितीतरी आधी तिला वास येतो. कुठल्या मजल्यावर, कुठल्या खोलीत, ते ती बाकीच्या नाकांना सांगते आणि इमारत माणसाच्या आवाजात बोलते: 'पूर्वेचा जिना वापरा, घाई करू नका.'

पण त्याआधी तिला घर ओळखीचं करून द्यावं लागतं. चाळीस दिवस ती नुसती हुंगत राहते. रंगाचा वास, फिनेलचा वास, जेवणाच्या डब्यांचा वास. जो वास रोज येतो त्याला नाव द्यायचं आणि सांगायचं, बाई गं, हा आपल्यातला, याला ओरडायचं नाही. नाझनीन याला ओळखकाळ म्हणायची. श्रावण संपता संपता तो सुरू झाला आणि आश्विन लागायच्या आधी संपला. वासांना नावं द्यायचं काम तिनं भूपालकडं दिलं होतं. इमारत त्याची, माणसं त्याची, त्यालाच ठाऊक कुठला वास कुणाचा.

त्या चाळीस दिवसांत नाझनीननं सोनाक्कांकडून नुसतं भडंगच तीस वेळा करून घेतलं. लसूण न घालता केलेलं सोनाक्कांचं भडंग गावात नावाजलेलं. सोनाक्का जैन, त्यांच्या कँटीनमध्ये कांदा-लसूण येत नाही. तरी कामगार दोन-दोन पुड्या घेऊन जायचे. यंदा तर भादव्याच्या ओल्या हवेतसुद्धा त्यांचे चुरमुरे कसे कुरकुरीत, याचं सगळ्यांना नवल.

"पोतं बांधायची रीत असती एक," सोनाक्का ऐटीत सांगायच्या. "दुसरी नापास बाई मी, पण पोतं माझ्यासारखं बांधून दाखवा कुणी."

नाझनीननं ते भडंग एकदाही खाल्लं नव्हतं. नुसतं हुंगलं होतं. ही तिसरी तक्रार.

*

दसऱ्याला दोन दिवस होते. दुपारचे चार वाजले असतील. नाझनीन कँटीनमध्ये आली आणि चक्क बसली. सोबत भूपाल होता, आणि त्याचा चेहरा कामावरून काढून टाकायचं पत्र हातात असल्यासारखा. हातात खरोखरच पत्र होतं.

"आक्का," तो म्हणाला, "रागवू नका. कँटीन हलवायचं ठरलंय. फाटकाबाहेर पत्र्याची शेड देतो बांधून. नवी कोरी."

सोनाक्कांनी हातातला झारा खाली ठेवला. शिक्षण दुसरीपर्यंतचं असलं तरी 'फाटकाबाहेर' या शब्दाचा अर्थ कळायला शाळा लागत नाही. गिरणी चालू असताना इथं तीन पाळ्यांचा चहा त्यांनी केला होता. गिरणी बंद पडली, मालक गेले, त्यांचे यजमान आदगोंडा गेले, तरी या कोपऱ्यातली शेगडी त्यांनी एक दिवस कुणाच्या स्वाधीन केली नव्हती. आधी कोळसा, मग गॅस, आता विजेची. शेगडी बदलली, बाई बदलली नाही.

"कुणी ठरवलं?"

"मी लिहून दिलंय," नाझनीन म्हणाली. खाली मान न घालता म्हणाली, हे सोनाक्कांनी टिपलं. "तुमच्या मागच्या भिंतीजवळच्या नऊ नाकांना करपल्याचा वास सतत येतो. थोडासाच, पण सतत. त्याला 'कँटीन' असं नाव दिलेलं आहे, म्हणून ती ओरडत नाहीत. पण रोज सतत तोच वास घेऊन ती नऊ नाकं बधिर झाल्यासारखी आहेत. उद्या तिथं खरंच काही जळलं तर त्यांना उशिरा कळेल. पलीकडं वीजखोली आहे, आक्का. सगळ्या इमारतीच्या तारा तिथं येतात. म्हणून एक तर वास जायला हवा, नाही तर तुम्ही."

"वास माझ्या भांड्यांचा. आणि जायचं मी."

"म्हणूनच विचारायला आले. रात्री काही मंद आचेवर ठेवून जाता का? काही भाजायला, आटवायला? तेवढं बंद केलंत तर कदाचित—"

कँटीनमध्ये चार-पाच सुतार चहा पीत बसले होते. त्यांचे कप जागच्या जागी थांबले.

"काय म्हणलीस?"

"रात्री काही—"

"रात्री!" सोनाक्का उठल्या. "अगं ए मुजावराच्या पोरी, माझ्या शेगडीवर रात्रीचं काय ठेवतीस तू? दिवस मावळायच्या दोन घटका आधी माझी शेगडी बंद होती. लग्न होऊन आले त्या दिवसापासनं. दिवस मावळल्यावर आम्ही खात न्हाई, रांधत न्हाई, जाळ करत न्हाई. जाळावर किडामुंगी येती, पाप लागतं. तिसऱ्या पाळीचा चहासुद्धा मी दिवसाच करून थर्मासात भरून ठेवायची, माहीत हाय? गिरणीच्या मालकानं ज्यादा पैसे देतो म्हणून हात जोडले, तरी रात्रीची काडी ओढली न्हाई मी. आणि तू मला विचारतीस रात्री काय भाजती म्हणून?"

मग त्या भूपालकडं वळल्या. आवाज एकदम खाली आला, आणि ते जास्त वाईट होतं.

"हिचं सोड. हिला काय माहीत. तू कुणाचा रे? आपल्याच जैनांतल्या चौगुल्यांचा न्हवं? तुझी आजी दिवा लागायच्या आत ताट धुऊन पालथं घालायची. आणि दिवस मावळल्यावर सोनाक्काच्या चुलीचा वास येतो म्हणून तू तिथं नाव लिहितोस?"

भूपालचे कान लाल झाले. तो स्वतः रात्री अकराला हॉटेलात जेवायचा आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. "आक्का, मी... करपल्याचा वास आला, जवळ कँटीन होतं, म्हणून लिहिलं. रात्रीचं-दिवसाचं काही बघितलं नाही."

नाझनीननं मात्र पाटी पुढं ओढली आणि भराभर बोटं फिरवायला लागली. आपण तिला एवढं बोललो आणि ही पोरगी पाटी बघतेय! सोनाक्का पुढचं वाक्य जुळवत होत्या, तेवढ्यात तिनं विचारलं, "आक्का, दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं ना?"

"व्हय. मग?"

"हे बघा." तिनं पाटी त्यांच्यासमोर धरली. "हा तुमचा विजेचा मीटर. ओळखकाळ सुरू झाला तेव्हा तुमची शेगडी संध्याकाळी सहा वाजून सात मिनिटांनी बंद. दुसऱ्या दिवशी सहा-सात. मग सहा-सहा. सहा-पाच. अशी मागं मागं सरकत चाळीसाव्या दिवशी पाच छत्तीस." ती बोटानं एक तिरकी रेघ दाखवत होती. "सूर्य जसा लवकर मावळत गेला, तशी. रोज. मला वाटलं मीटरमध्ये बिघाड आहे."

सोनाक्कांना पाटीवरचे इंग्रजी आकडे वाचता येत नव्हते. पण खाली उतरत जाणारी ती रेघ त्यांना दिसली. आपण रोज भिंतीवरच्या पंचांगाकडं बघून दाबलेलं बटण असं रेघेत उतरलेलं बघून त्यांना जरा बरंच वाटलं. मनातल्या मनात. चेहऱ्यावर नाही.

"आणि हे दहा दिवस तर मीटर हललेलाच नाही."

"दशलक्षण पर्व. त्या दहा दिवसांत कँटीनला कुलूप असतं. दिवसासुद्धा."

नाझनीननं त्या रेघेच्या खाली दुसरी रेघ आणली. नऊ नाकांना आलेल्या वासाची. ती सरळ होती. दिवसा तेवढीच, रात्री तेवढीच. पर्वाच्या दहा दिवसांतही तेवढीच. मग पाटीवर बोट ठेवून ती तशीच बसली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला सोनाक्कांनी पाहिला. ताप आलेल्या लेकराचा उतरतो तसा.

"आक्का," ती म्हणाली, "तुमची शेगडी बंद असताना इथं काय जळत होतं?"

*

गिरणीत जन्म काढलेल्या माणसाला काही गोष्टी विसरायला लागतात, नाही तर झोप येत नाही. सोनाक्कांनी खालची नाली विसरून टाकली होती. कापूस पिंजायच्या खोलीतून उडणारी रुईची धूळ ओढून नेणारा जमिनीखालचा बोगदा तो. माणूस ओणवा होऊन जाईल एवढा. आदगोंडा पिंजणखात्यात होते, वर्षातून दोनदा त्यांना त्यात उतरून रुई खरवडून काढावी लागायची. घरी आले की भुवयांपर्यंत पांढरे. गिरणी बंद पडली तशी नाली साफ करायचंही बंद पडलं.

"ती तर मुरूम टाकून भरली," भूपाल म्हणाला. "ठेकेदाराच्या नकाशावर तसं लिहिलंय."

"भरताना तू बघितलंस?"

भूपालनं मानेनं नाही म्हटलं.

"मी बघितलंय काय केलं ते," सोनाक्का म्हणाल्या. "आषाढात गॅसच्या कटरनं जुन्या मशिनींचे पाय कापत होते. ठिणग्या नुसत्या दिवाळीगत. खाली नालीची लोखंडी जाळी होती. त्यावरनं लगीच सिमेंट आणि फरशी. दोन दिवसांत मोकळे. रुईत ठिणगी पडली की जाळ होत न्हाई. आत जाऊन बसती. पांढऱ्या गाठीच्या पोटात महिना-महिना जळत असती, वरनं हात लावला तर गार. गिरणीत गाठीनं अशी आग धरली की मैदानात नेऊन टाकायचे आणि पंधरा दिवस राखण बसवायचे."

नाझनीन उठली आणि मागच्या कोठीत गेली. तिथं गुडघ्यावर बसून तिनं फरशीवर हात टेकला. मग शेजारच्या फरशीवर. मग खिशातून तापमान बघायचं यंत्र काढलं. कोठीच्या दारातल्या फरशीवर ते अठ्ठावीस दाखवत होतं, आतल्या कोपऱ्यात एक्केचाळीस.

त्या कोपऱ्यात चुरमुऱ्याचं पोतं होतं.

सोनाक्का दारात उभ्या होत्या. अनवाणी. स्वयंपाकाच्या जागेत चप्पल घालायची नाही, हा त्यांचा नेम. त्या पोत्याकडं बघत राहिल्या आणि भिंतीला टेकल्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"माझ्या तळपायाला ती फरशी ऊन लागत होती. दोन महिने झाले. थंडपणा न्हाई, ओल न्हाई. मला वाटलं देवानं म्हातारपणी पायाला ऊब दिली. म्हणून तर पोतं तिथं नेऊन ठेवलं. आणि सगळ्यांना सांगत बसले, माझी बांधायची रीत, माझी बांधायची रीत. सकाळी कोठीत गेलं की डोकं दुखायचं. वासबी यायचा. पहिल्या दिवसांत येत होता, चांगला आठवतोय. मग यायचा बंद झाला. मला वाटलं, गेला वास."

"वास गेला नव्हता, आक्का. तुम्हाला सवय झाली." नाझनीन अजून गुडघ्यावरच होती. "माझ्या नाकांचंही तेच झालं. मी चाळीस दिवस त्यांना शिकवलं, की रोज येतो तो वास आपला. आणि आग त्यांच्या आधीपासून इथं होती. त्यांना वाटलं, हीसुद्धा घरातलीच."

*

यापुढचा अर्धा तास दोघींच्याही जन्मात विसरण्यासारखा नव्हता.

भूपालचं म्हणणं सरळ होतं. परवा उद्घाटन. पाहुणे ठरलेले, मांडव घातलेला. यंत्रणा हिरवा दिवा दाखवते आहे, अजून एकही घंटा वाजलेली नाही. एक फरशी गरम आहे म्हणून अग्निशमन दल बोलवायचं, फरशा फोडायच्या? दसरा होऊ दे, मग शांतपणे बघू.

"मॅडम, हे तुमचंच काम आहे ना? तुमचीच यंत्रणा सगळं ठीक आहे म्हणते. आणि तुम्ही एका म्हातारीच्या शब्दावर ती खोटी ठरवणार? वरचे साहेब काय म्हणतील तुम्हाला?"

हे त्यानं दुष्टपणानं विचारलं नव्हतं. नाझनीननं स्वतः आखलेली ही पहिली इमारत होती. तीन वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली फुल्या मारत हिंडली होती. या चारशे बारा नाकांच्या दाखल्यावर तिची एकटीची सही पडायची होती. यंत्रणा आग ओळखायला चुकली असं तिनंच लिहून दिलं, तर पुढची इमारत तिला कोण देणार?

तिनं खिशातला फोन बाहेर काढला.

"यंत्रणेला जे येतं ते मी शिकवलं," ती म्हणाली. "आक्कांना जे येतं ते मी शिकवलेलं नाही. म्हणून आत्ता मी त्यांचं ऐकणार." आणि तिनं अग्निशमन दलाला फोन लावला.

मग सुतारांना, रंगाऱ्यांना, वरच्या मजल्यावर खुर्च्या लावणाऱ्यांना तिनं एकेक करून मैदानात काढलं. घाई न करता, पूर्वेच्या जिन्यानं. वीजखोलीचा मुख्य खटका पाडला. सोनाक्का निघायला तयार नव्हत्या, तर तिनं त्यांचा हात धरला आणि सरळ ओढत बाहेर नेलं. सोनाक्कांचा हात धरून त्यांना ओढत न्यायची हिंमत आदगोंडांनीसुद्धा कधी केली नव्हती.

दलाची गाडी आली तेव्हा सूर्य अजून वर होता. अधिकारी जाणता माणूस होता. फरशीला हात लावून त्यानं जवानांना मागं सरायला सांगितलं. एकानं पहार उचलली, तसा बाहेरून सोनाक्कांचा आवाज खणखणला.

"सगळी एकदम उघडू नगासा! वारा मिळाला की भडकंल! आणि नुसतं वरनं पाणी ओतून चालत न्हाई, रुई पाणी आत घेत न्हाई. थोडी थोडी काढून बाहेर पिंजायला लागंल!"

अधिकाऱ्यानं मागं वळून बघितलं. "आजी, गिरणीतल्या?"

"मग काय कलेक्टर कचेरीतली दिसते?"

"बरोबर बोलताय तुम्ही," तो म्हणाला, आणि त्यानं पाण्यात साबणासारखं काहीतरी मिसळायला सांगितलं, रुईत ते आत झिरपावं म्हणून.

पहिली फरशी निघाली तेव्हा जाळ दिसलाच नाही. नुसता गरम, गोडसर, करपट श्वास बाहेर आला, झाकण काढल्यावर पातेल्यातून येतो तसा. त्याखाली राखाडी रुई. जवानानं लांब दांड्याच्या आकड्यानं ती उचकटली आणि आत लाल दिसलं. शांत, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. ते लाल नालीतून सरकत सरकत एकतीस फुटांवर पोचलं होतं. वीजखोलीच्या तारांचा गठ्ठा तिथून आठ फूट दूर होता.

सगळी रुई बाहेर काढून पिंजून विझवायला दीड दिवस लागला. मैदानभर काळा कापूस पसरला होता. मांडवाच्या झालरीवरसुद्धा त्याची काजळी बसली. दसरा आला आणि उद्घाटनाशिवाय गेला.

या सगळ्यात माणूस एकही दगावला नाही. कुणाच्या हाताला चटकासुद्धा नाही. ही गोष्ट नुसती सांगून सोडून देण्यासारखी नाही, तिच्यासाठी कुणाचे तरी पाय धरावेत अशी ती गोष्ट आहे. कुणाचे, एवढंच सोनाक्कांना कळत नव्हतं. त्यांनी देवळात जाऊन णमोकार मंत्र म्हटला. तेवढ्यानं मन भरलं नाही.

*

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी नाझनीन कँटीनमध्ये आली. कँटीन जिथं होतं तिथंच होतं. मागची कोठी फक्त उघडी-बोडकी, नव्या मुरमाचा ढीग घातलेली. या खेपेला मुरूम टाकताना भूपाल सकाळपासून तिथं खुर्ची टाकून बसला होता. हातात डबा, आणि तो डबा दिवस मावळायच्या आत संपवायचा. तसं त्याला सांगितलं गेलं होतं.

ती बसली. चहा आला. तिनं तो हुंगला नाही. पण प्यायलीही नाही. कपाभोवती हात धरून बसली.

"सगळी नाकं पुसून टाकली," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चाळीस दिवस."

"आणि तुझे साहेब?"

"आधी ओरडले. मी म्हटलं, चूक माझी आहे, तशी लिहून देते. पण हीच पद्धत वापरून देशात एकोणतीसशे इमारती शिकवल्यात, त्यांचं काय, ते तुम्ही लिहून द्या." तिनं कप खाली ठेवला. "मग त्यांनी सगळीकडच्या नोंदी मागवल्या. इमारतीतली माणसं घरी गेल्यावरही, कुलूप लागल्यावरही कुठला ओळखीचा वास तसाच चालू आहे, एवढंच शोधायचं होतं. सतरा इमारती निघाल्या. एका ठिकाणी आठ महिने 'गोदाम' म्हणून एक वास यायचा. काल भिंत फोडली. आत तारेचं आवरण भाजून कोळसा झालं होतं. पलीकडं पाळणाघर."

सोनाक्कांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पोरं?"

"बरी आहेत. सगळी बरी आहेत."

शेगडीवर दुधाला साय धरत होती.

"आता ओळखकाळ सुरू करायच्या आधी एक नवा रकाना भरायचा," नाझनीन म्हणाली. "इतके दिवस आम्ही विचारायचो, इथं रोज काय काय होतं. आता आधी विचारायचं, इथं काय कधीच होत नाही? आणि ते इमारतीतल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारायचं. या इमारतीचं उत्तर मी लिहिलंय. 'दिवस मावळल्यावर इथं जाळ होत नाही.' खाली तुमची सही हवी, आक्का."

तिनं पाटी पुढं केली. सोनाक्कांनी पदराला बोट पुसलं. सही त्यांना येत होती, पण सावकाश. 'सोनाक्का आ. मगदूम' लिहायला त्यांना तेवढा वेळ लागला जेवढा एका घाण्याला लागतो. नाझनीन घड्याळ न बघता थांबली.

सही झाल्यावर सोनाक्कांनी पाटी परत दिली नाही. मांडीवर ठेवली आणि पोरीकडं नीट बघितलं. काळी वर्तुळं आलेले डोळे. मुरमाची धूळ बसलेली ओढणी.

"ऐक आता," त्या म्हणाल्या. "माणसाशी बोलायची तुला अक्कल न्हाई. हुंगतीस, बघतीस, लिहितीस, आणि माणूस समोर उभा असतो ते तुझ्या ध्यानात येत न्हाई. हे मी तुझ्या आईला भेटले तरी सांगीन. पण मी तुला चार माणसांत नको नको ते बोलले, आणि त्यातलं खरं तेवढं तू उचललंस आणि बाकीचं तिथंच सोडलंस. माझ्या घरात सहा माणसं हायत, एकाला हे जमत न्हाई. मलाबी जमलं न्हाई. मी तर पायाखाली आग घेऊन दोन महिने रुबाब करत होते. तू आली नसतीस तर आज मी नसते, आणि वरची ती सहाशे पोरं नसती. हे उपकार मी मरेपर्यंत विसरायची न्हाई. लई मोठं काम केलंस, बाई." त्यांनी पाटी तिच्या हातात दिली, पण सोडली नाही. "एवढंच सांग मला. इथं मी होते, म्हणून तू विचारलंस. ज्या इमारतीत चौतीस वर्षं टिकलेलं एकबी माणूस राहिलं न्हाई, सगळी कालच आलीत, तिथं काय कधीच होत नव्हतं हे तू कुणाला विचारणार हायस?"